काचेवरचा फ्लॅश

माझा मावसभाऊ धुळ्यात लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो. त्याच्याकडे एखादं पोरगं काम शिकायला आलं की पहिले काही महिने तो त्याला व्हिडिओला हातच लावू देत नाही. फोटोशॉपवर बसवतो. करिझ्मा अल्बमची पानं लाव, नवरीच्या डोक्यामागे उगवलेला मांडवाचा बांबू काढ, ग्रुप फोटोत डोळे मिटलेल्या काकांना दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे लाव. पोरं वैतागतात. त्यांना ड्रोन उडवायचा असतो, रील बनवायची असते. त्यावर दादाचं ठरलेलं उत्तर : "एक फोटो नीट बसवता येत नाही आणि सेकंदाला पंचवीस बसवणार का रे?"

आता दादाने कॉम्प्युटर ग्राफिक्सचा एकही पेपर दिलेला नाही. पण त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे मला सांगता येतं, म्हणून हे आजचं पारायण. (ज्यांना फक्त लग्नाची गोष्ट वाचायचीय त्यांनी सरळ अर्ध्यावर उडी मारावी. मी रागावणार नाही.)

फोटोशॉपचा जन्मच मुळी सिनेमावाल्याच्या घरातला. दोन भाऊ, थॉमस नोल आणि जॉन नोल. थॉमसने प्रोग्राम लिहायला घेतला, आणि जॉन होता इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये, म्हणजे स्टार वॉर्सच्या इफेक्टवाल्या कंपनीत. १९८९ च्या 'द अबिस'मध्ये पाण्याचा एक जिवंत सोंडेसारखा प्राणी आहे, त्या कामात जॉनने हे सॉफ्टवेअर वापरलं. बाजारात फोटोशॉप आलं त्यानंतर, १९९० मध्ये. आफ्टर इफेक्ट्स १९९३ मध्ये वेगळ्याच एका छोट्या कंपनीने काढलं आणि १९९४ मध्ये ते अडोबीच्या घरी दत्तक आलं. त्याच वर्षी फोटोशॉपला लेयर्स मिळाले. म्हणजे आपण फोटोची विद्या व्हिडिओत वापरतो, असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. दोघांचं गोत्र एकच.

आणि त्या गोत्राचा मूळ मंत्र आहे १९८४ चा. पोर्टर आणि डफ या दोघांचा पेपर. एका चित्रावर दुसरं चित्र ठेवायचं तर काय करायचं? वरच्या चित्राच्या प्रत्येक पिक्सेलला एक आकडा द्यायचा, शून्य ते एक, की हा किती भरीव आहे. वरचा रंग गुणिले तो आकडा, अधिक खालचा रंग गुणिले एक वजा तो आकडा. संपलं. मालिकेच्या शीर्षकापासून हजार कोटींच्या सिनेमापर्यंत सगळा डोलारा या एका ओळीवर उभा आहे. कोड लिहिणाऱ्या माणसाला असं काही दिसलं की हात जोडावेसे वाटतात.

पण गणित सोपं असलं तरी डोळा फसत नाही, ही खरी गंमत. बसवलेला माणूस चिकटवलेला दिसतो. का दिसतो? दादाच्या भाषेत "काळं जुळलं नाही". ही त्याची पहिली तपासणी. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लळिंगचा किल्ला बघा. हवेतली धूळ आणि ऊन यामुळे लांबचा काळा दगड काळा राहतच नाही, फिका राखाडी दिसतो. त्या दृश्यात तुम्ही घरात काढलेला, काळ्याभोर केसांचा माणूस लांब उभा केला, की झालं, स्टिकर. लेव्हल्समध्ये त्याचं काळं वर उचलावं लागतं, तेही एकगठ्ठा नाही. लाल, हिरवा, निळा असे चॅनेल वेगवेगळे उघडून. तिन्ही एकत्र बघताना जे लक्षात येत नाही ते निळा चॅनेल एकटा बघितला की बोंबलत बाहेर येतं.

दुसरी तपासणी कडेची. हिरव्या पडद्यापुढे शूट केलं की पडद्याचा हिरवा रंग केसांवर, गालांवर सांडतो. त्यावर जुना साधा उपाय असा की हिरव्याचा आकडा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जाऊच द्यायचा नाही. आणि तिसरी तपासणी म्हणजे ग्रेन, कॅमेऱ्याची ती बारीक वळवळ. इथे मात्र फोटो आणि व्हिडिओ वेगळे होतात. फोटोत ग्रेन असतो तिथे असतो. व्हिडिओत तो दर फ्रेमला बदलतो. तुम्ही एका फ्रेममधला बांबू फोटोशॉपमध्ये पुसून तो तुकडा पूर्ण शॉटवर ठेवला, तर तेवढ्या चौकोनात ग्रेन गोठतो, आणि बाकीचं चित्र जिवंत राहतं. बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण नजर तिथेच जाते. म्हणून तुकडा आधी गुळगुळीत करून, ठेवून झाल्यावर वरून हलता ग्रेन घालायचा. आणि हो, पंचवीसच्या पंचवीस फ्रेम हाताने पुसायच्या भानगडीत पडायचं नाही, कारण प्रत्येक वेळी हात थोडा वेगळा पडतो आणि ती जागा उकळत्या दुधासारखी हलायला लागते. एकदाच नीट रंगवायचं आणि ट्रॅकरकडून वाहून न्यायचं.

हे सगळं इंग्रजी ट्युटोरियलमधून आलंय असं कुणाला वाटत असेल तर जरा थांबा. खानदेशात ही परंपरा जुनी आहे.

चाळीसगावला रेल्वे स्टेशनाजवळ केकी मूस राहायचे. कलामहर्षी केकी मूस, १९१२ ते १९८९. पारशी माणूस, इंग्लंडमध्ये कला शिकून आलेला, आणि परत आल्यावर आयुष्याची कित्येक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. त्यांच्याविषयी दंतकथा भरपूर आहेत, ती प्रेयसी, ती रेल्वेगाडी वगैरे. ते सगळं आपण इथे सोडून देऊ, कारण मला त्या दंतकथांमुळे त्यांच्या कामावर अन्याय होतो असं वाटतं. ते करायचे टेबल-टॉप फोटोग्राफी. म्हणजे घरातल्या टेबलावर छोट्या छोट्या वस्तूंचा देखावा मांडायचा आणि त्याचा फोटो असा घ्यायचा की बघणाऱ्याला तो बाहेरचा खराखुरा निसर्ग वाटावा. आता विचार करा, या प्रकारात काय काय सांभाळावं लागतं? सूर्य एकच असतो, म्हणून सावल्या एकाच दिशेला पडल्या पाहिजेत. कॅमेरा टेबलाच्या पातळीला, म्हणजे त्या छोट्या जगातल्या माणसाच्या नजरेला आणावा लागतो. लांबचं फिकं, जवळचं गडद. हे तर कंपोझिटिंगचं अख्खं पुस्तक झालं! फक्त त्यांच्याकडे अनडू नव्हतं. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही शूटिंगवाल्याने एकदा तरी तिथे जाऊन सावल्या मोजाव्यात.

आणि दुसरं टोक मालेगाव. जिल्हा नाशिक असला तरी धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने तासाभराचं अंतर. नासिर शेख यांनी तिथे २००० मध्ये 'मालेगाव के शोले' केला, आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. तो बनवताना फैझा अहमद खान यांनी केलेली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही २००८ ची डॉक्युमेंटरी बघितली नसेल तर आधी ती बघा. (२०२५ मध्ये आलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'ही चांगला आहे, पण डॉक्युमेंटरी ती डॉक्युमेंटरी.) यंत्रमागावर काम करणारा काडीपैलवान सुपरमॅन, हिरवा कपडा, घरगुती कॅमेरा. त्यांची कड जुळत नाही, काळं तर अजिबात जुळत नाही. पण ते विडंबन होतं, तिथे चिकटवलेलं दिसणं हाच विनोद होता. मूस यांच्या फोटोत शिवण दिसली तर फोटो मेला, सुपरमॅनची शिवण दिसली तर टाळी. कोणतं काम कुठल्या जातीचं आहे हे आधी ठरवायचं, मग माऊस हातात घ्यायचा.

तर आता लग्न.

मागच्या हिवाळ्यात दादाचा फोन आला, "शनिवारी येशील का? एक काम अडलंय." मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने गेलो. काम असं होतं : शिरपूरकडच्या एका घरातलं लग्न. मुलीचे वडील २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. लग्नात मांडवात त्यांच्या नावाची खुर्ची ठेवली होती, पांढरं सॅटिनचं कव्हर घातलेली, आणि खुर्चीवर त्यांचा हार घातलेला फोटो. मंगलाष्टकं चालू असताना बाजूच्या ट्रायपॉडवरचा कॅमेरा नेमका तिकडे होता. मुलगी अंतरपाटाआडून एकदा त्या खुर्चीकडे बघते. फार चांगला शॉट, दादा म्हणाला वीस वर्षांत असा मिळाला नाही. फक्त फोटोच्या काचेवर एलईडी लाइट आपटला होता. फ्रेममध्ये खाली कोट आणि टाय दिसत होता, आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा धब्बा. मुलगी धब्ब्याकडे बघतेय.

मुलीचा भाऊ स्टुडिओत बसला होता. त्याचं म्हणणं, पप्पांना सरळ तिथे उभंच करा. हात वर करून आशीर्वाद देताना. "आता एआयने सगळं होतं ना भाऊ?" त्याने एक क्लिप करूनही आणली होती, कुठल्याशा ॲपवर. फोटोतले वडील डोळे मिचकावतात, मान वळवतात, हसतात. तांत्रिकदृष्ट्या अजिबात वाईट नव्हती, हे सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मी महिनाभर बसलो असतो तरी तसं झालं नसतं.

"आईला दाखवली?" दादाने विचारलं.

दाखवली होती. आईने पाहिली आणि फोन पालथा ठेवला. म्हणाली, "त्यासना दात असा नव्हतात."

त्याचं असं आहे की मूळ फोटोत तोंड बंद होतं. हसायला दात लागतात, म्हणून ॲपने दात दिले. कुणाचे तरी सरासरी दात. फोटोशॉपमध्ये डोळे उघडे करताना दादा त्याच माणसाचे, त्याच दिवशीचे, शेजारच्या फोटोतले डोळे आणतो. ॲपकडे शेजारचा फोटो नसतो, जगातले सगळे फोटो असतात. फरक एवढाच आहे, पण तो तीस वर्षं संसार केलेल्या बाईला पहिल्या सेकंदात कळतो.

मग आम्ही ठरवलं की उभंबिभं काही करायचं नाही. फक्त काचेवरचा उजेड काढायचा. फ्रेममध्ये चेहरा होता, मांडवातल्या प्रत्येकाला तो दिसत होता, कॅमेऱ्याला तेवढा दिसला नाही. तो परत आणायचा. भावाला हे जरा कमी वाटलं असावं, पण तो हो म्हणाला आणि घरून ती फोटोफ्रेमच घेऊन आला.

आता इथे लेव्हल्स खाली-वर करून काही होत नाही, कारण धब्ब्यात तिन्ही चॅनेल २५५ ला टेकलेले. तिथे माहितीच नाही, तर काढणार काय? म्हणून फ्रेमचा नव्याने फोटो. तसंच सॅटिनचं कव्हर घातलेली खुर्ची, तोच कोन, आणि कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरलं, म्हणजे काचेत काळंच प्रतिबिंब पडतं, उजेड नाही. (पोलरायझर असेल तर उत्तम. दादाकडचा होता, पण पोराने कुठेतरी ठेवलेला.) मग व्हिडिओतली एक फ्रेम फोटोशॉपमध्ये घेऊन त्यावर हा चेहरा पर्स्पेक्टिव्हमध्ये बसवला, कर्व्ह्ज चॅनेलनिहाय जुळवले, कड दोन पिक्सेल मऊ केली. या एका फ्रेमवर अख्खा शनिवार गेला. शिकाऊ पोरं चहा घेऊन येत आणि बघून जात.

रविवारी ते हलवायचं होतं. शॉट शंभर सेकंदांचा, म्हणजे २५०० फ्रेम. ट्रायपॉड असल्यामुळे ट्रॅकिंगचा त्रास नव्हता. त्रास होता मांडवातल्या दिव्यांचा. ते बिचारे दर काही सेकंदांनी गुलाबीचे निळे आणि निळ्याचे जांभळे होत होते! एका फ्रेमवर जुळवलेला चेहरा तीन सेकंदांनी परका दिसायला लागायचा. इथे ते पांढरं कव्हर कामाला आलं. पांढऱ्यावर जो रंग पडतो तोच शेजारच्या चेहऱ्यावर पडणार. आफ्टर इफेक्ट्समध्ये चित्राच्या ठरावीक जागेचा सरासरी रंग काढून देणारं एक एक्स्प्रेशन आहे. कव्हरचा दर फ्रेमचा रंग घ्यायचा, आमच्या जुळवलेल्या फ्रेममधल्या कव्हरच्या रंगाने भागायचा, आणि जे येईल त्याने चेहऱ्याचे तिन्ही चॅनेल गुणायचे. मागच्या-पुढच्या काही फ्रेमची सरासरी घेतली म्हणजे लुकलुकत नाही. दोन-तीन ओळींचा कोड. वर्षभर ऑफिसात लिहिलेल्या कोडपेक्षा त्या तीन ओळींनी मला जास्त आनंद दिला, हे मॅनेजरला कुणी सांगू नका. :)

अक्षतांची मला भीती होती. फ्रेमच्या पुढून उडणारा एक-एक तांदूळ मास्क करत बसलो असतो तर पुढच्या लग्नसराईपर्यंत पुरलं असतं. पण पांढऱ्या धब्ब्यासमोर पांढऱ्या अक्षता मुळात दिसतच नव्हत्या, आणि बाकीच्या फ्रेमला आम्ही हातच लावला नव्हता. म्हणजे अक्षता खालच्या कोटापुढे दिसतात, चेहऱ्यापुढे आल्या की दोन-तीन फ्रेम गायब होतात. सेकंदाचा दहावा भाग. कुणाच्या बापाला कळत नाही. शेवटी चेहरा किंचित ब्लर केला, हलता ग्रेन घातला, आणि काढलेला उजेड स्क्रीन मोडमध्ये थोडासा परत ठेवला. दादाने सांगितलं म्हणून. काचेवर काहीच चमकलं नाही तर काच दिसत नाही, नुसता कागद चिकटवल्यासारखं होतं.

मधेच एक पेच आला होता, तो राहिलाच. तो हारातला फोटो. वडील शेतकरी. टोपी, पांढरा सदरा, खिशाला पेन. आयुष्यात कोट घातला नाही. पण गेल्यावर फोटो करायला दिला तेव्हा स्टुडिओवाल्याने रिवाजाप्रमाणे त्यांना निळ्या पडद्यासमोर कोट-टाय घालून बसवलं, टोपी काढून केस विंचरले. आपल्याकडच्या निम्म्या बैठकीच्या खोल्यांत असे कोटातले शेतकरी भिंतीवर आहेत. भावाच्या मोबाइलमध्ये मूळ फोटो होता, टोपीचा. तो म्हणाला, नाहीतरी चेहरा बदलताच आहात तर हाच बसवा ना, अख्खा. खरे पप्पा तर हेच आहेत.

मला ते पटलं होतं, अजूनही थोडं पटतं. एकदा फोटोशॉप झालेला माणूस दुसऱ्यांदा फोटोशॉप करून खरा होणार असेल तर काय हरकत आहे? दादा मात्र काही बोलला नाही, त्याने आईला फोन लावला. स्पीकरवर. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मांडवमा जे व्हतं तेच ऱ्हाऊ द्या." कोट तर कोट. पोरीने त्या फोटोकडे बघितलं होतं, टोपीच्या नाही.

तर कोटच राहिला. त्या टायची गाठ जरा तिरकी होती, ती सरळ करायला माझा हात शिवशिवत होता. केली नाही.

पेनड्राइव्ह घरी गेला त्याच्या चौथ्या दिवशी दादाचा परत फोन. आईला त्या शॉटमधली एक फ्रेम भिंतीवर लावायला फोटो म्हणून हवीय. मुलगी बघतेय आणि खुर्चीत ते आहेत, ती. बारा बाय अठरा. आता एचडी व्हिडिओची फ्रेम म्हणजे दोन मेगापिक्सेल, ती एवढी मोठी करायची तर ग्रेन बोराएवढा दिसणार. त्यामुळे या शनिवारी मी पुन्हा फोटोशॉप उघडून बसलोय आणि मीच घातलेला ग्रेन मीच काढतोय.